जमिनीला कान लावताना: पायझो चकती, जिओफोन आणि कोयनेचे धक्के

डोंगरवाट

पाटण तालुक्यात वाढलेल्या माणसाला भूकंप पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमच्याकडे आधी आवाज येतो, लांब डोंगरात सुरुंग लागल्यासारखा. मग मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रा थरथरतो, आणि माझी आजी असेल तिथून ओरडायची, "भाईर व्हा रं समदी!" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, ती दोन लेकरं काखोटीला मारून अशीच बाहेर पळाली होती. तो धक्का ६.३ तीव्रतेचा होता. कोयनानगर परिसरात १८० च्या आसपास माणसं गेली. पुढे कित्येक रात्री आमचं घर अंगणातच झोपलं. हे ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे या विषयात मी जरा जास्तच गुंततो.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर बिघडला. लेक नववीत आहे, तिने तो खोलायलाच लावला. आत एक स्प्रिंग, एक छोटी लोखंडी हातोडी आणि भुईमुगाच्या दाण्याएवढी राखाडी कांडी. सेल कुठेच नाही. "मग ठिणगी येते कुठून, बाबा?" या प्रश्नावर मी दोन रात्री वाचत बसलो.

कळलं ते असं. खटका दाबला की स्प्रिंग आवळते आणि सुटताना हातोडी त्या कांडीवर आपटते. त्या एका ठोक्याने कांडीच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्ट तयार होतात. हवेत मिलिमीटरभर ठिणगी पडायला तीनेक हजार व्होल्ट लागतात, तेवढे ती आरामात देते. भार अगदी थोडा आणि क्षणभराचा, म्हणून बोटाला नुसता चिमटा बसतो. कांडी असते पीझेडटी नावाच्या सिरॅमिकची, म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडची. ती भाजून झाल्यावर तापवून तिला जबर विद्युतक्षेत्रात ठेवतात, तेव्हा कुठे तिच्यात हा गुण येतो.

हा गुण, म्हणजे पायझो परिणाम, पहिल्यांदा दाखवला पिएर आणि जाक क्युरी या भावांनी, १८८० साली पॅरिसमध्ये. पिएर तेव्हा २१ वर्षांचा होता. त्यांनी तपासलेल्या स्फटिकांची नावं वाचताना मी थबकलो. टुर्मलिन, क्वार्ट्झ, पुष्कराज, रोशेल मीठ, आणि उसाची साखर! आमच्या कराड-पाटणच्या पट्ट्यात निम्मं शिवार उसाचं. देवापुढे ठेवतो तो खडीसाखरेचा खडा दाबला तर त्याच्या अंगावर विद्युतभार येतो, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळावं, याची हळहळ वाटली. जेवणातल्या मिठाचा खडा मात्र असं काही करत नाही. त्याची रचना मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी असते, त्यामुळे दाबलं तरी धन आणि ऋण भारांची केंद्रं एकमेकांवरून सरकत नाहीत. साखर आणि क्वार्ट्झच्या रचनेत तशी समानता नसते, म्हणून ती सरकतात. पुढच्याच वर्षी उलट बाजूही सिद्ध झाली. लिपमन यांनी गणिताने सांगितलं आणि क्युरी बंधूंनी करून दाखवलं की वीज दिली तर स्फटिक आकार बदलतो. दाबलं तर वीज आणि वीज दिली तर हालचाल. म्हणजे एकच वस्तू कानही होते आणि तोंडही.

मग मी कराडहून २७ मिलिमीटरची पितळी पायझो चकती आणली, बझरमध्ये असते ती. फरशीला फेविक्विकने चिकटवली, वायर लॅपटॉपच्या माइकच्या पिनेत घातली आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पावलं ऐकू आली, मिक्सर ऐकू आला, रस्त्यावरून गेलेली एसटीही ऐकू आली. चौथ्या दिवशी संध्याकाळी खरोखरीचा बारीक धक्का बसला, घरातल्या तिघांनाही जाणवला. रेकॉर्डिंगमध्ये काय? मांडणीवरच्या भांड्यांची किणकिण. धक्का नाहीच!

घराखाली जमीन हलली आणि माझ्या चकतीला ते कळलं नाही, हे मनाला लागून राहिलंय. जाणकारांनी सांगावं, चूक कुठे झाली?

सोल्डरिंग_काका

डोंगरवाट, उद्योग आवडला. मी पस्तीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केले, त्यातलं मला कळतं तेवढं सांगतो. चकती ठीक आहे. तुम्ही ती जिथे जोडली ती पिन या कामाची नव्हे.

विजेच्या हिशेबात पायझो चकती म्हणजे एक कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा. तुमच्या मापाची असेल तर साधारण २० नॅनोफॅरडची. दाब आला की तिच्यावर भार जमतो, पण पुढे जे यंत्र जोडलंय त्याच्या रेझिस्टन्समधून तो लगेच गळूनही जातो. बुडाला भोक पडलेल्या घागरीसारखं आहे हे. भसकन पाणी ओतलं तर क्षणभर भरल्यासारखी दिसते, हळूहळू ओतलं तर कोरडीच. माइकची इनपुट १० किलोओहमची धरली तर हिशेब येतो ८०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८०० झोके. त्याच्या खालचं जे काही असेल ते गळतीत जातं. तुमच्या अंगणातल्या धक्क्याची हालचाल सेकंदाला दोन-पाच, फार तर वीस-तीस झोक्यांची. टाचेचा ठोका, भांड्याची किणकिण यांत वरच्या फ्रिक्वेन्सी भरपूर, म्हणून त्या ऐकू आल्या.

उपाय स्वस्त आहे. एफईटी इनपुटचा ऑप-अँप घ्या, म्हणजे इनपुटला भार जवळजवळ गळू न देणारी अँप्लिफायरची चिप, टीएल०७२ चालेल. चकतीला समांतर १० मेगाओहमचा रेझिस्टर लावा. सीमा ०.८ हर्ट्झवर येते. चकतीपासून बोर्डापर्यंतची वायर शील्डची घ्या, नाहीतर घरातल्या लाइनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट सगळं गिळून टाकेल. आणि पुढे लॅपटॉपचं साउंड कार्ड वापरू नका, तेही वीस हर्ट्झच्या आसपास खालचं कापतं. सिग्नलचे आकडे करून देणारं १६ बिटचं एडीसी मॉड्यूल मिळतं, ते अर्डुइनोच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडून सेकंदाला शंभर वेळा वाचलंत तरी पुरे.

घणवाला

काकांनी विजेची बाजू नीट सांगितली. पण डोंगरवाट, तुमची त्याआधीची एक चूक आहे आणि ती मोठी आहे.

मी बावीस वर्षं भूभौतिक सर्वेक्षणाच्या पार्टीत होतो. राजस्थानच्या वाळूत, आसामच्या चिखलात, आपल्याकडच्या कातळावर हजारो जिओफोन, म्हणजे जमिनीचा थरकाप टिपणारी छोटी यंत्रं, स्वतःच्या हाताने जमिनीत रोवलेत. तुम्ही चकती फरशीला सपाट चिकटवली. धक्का आला तेव्हा जमीन, फरशी, चकती सगळं एकत्र वर गेलं आणि एकत्र खाली आलं. मग चकतीला वाकवणार कोण? होडीत बसून होडीला धरून पाणी किती हललं ते मोजायला गेल्यासारखं झालं. हालचाल मोजायची तर यंत्रात कुठेतरी काहीतरी जागच्या जागी थांबायला बघणारं पाहिजे.

जिओफोन खोलून बघा. आत एक चुंबक केसला घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बारीक स्प्रिंगवर लोंबकळत असतं. जमिनीबरोबर केस आणि चुंबक हलतात, वेटोळं जडत्वाने मागे राहतं. दोघांतल्या फरकामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. बऱ्याच जणांना वाटतं की जिओफोनमध्ये स्फटिक असतो. जमिनीवर वापरतो त्या साध्या जिओफोनमध्ये तो नसतो. स्फटिक असतो समुद्रात, हायड्रोफोनमध्ये. पाण्यात दाबाची लहर येते आणि पीझेडटी सरळ दाबली जाते, तिथे वेगळं वजन लटकवायची गरज नाही. जहाजामागे अशा हायड्रोफोनची लांबच लांब माळ ओढत नेतात, एअरगनने, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडून, पाण्यात दणका देतात आणि तळाखालच्या थरांवरून परत आलेला आवाज टिपतात. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईच्या समुद्रात तेल काढलं ते 'मुंबई हाय', पण तिथे तळाखाली उंचवटा आहे हे त्याआधीच्या भूकंपीय सर्वेक्षणाने दाखवलं होतं.

तुमच्यासाठी सोपा मार्ग सांगतो. चकतीचा पितळी काठ एका कड्यात पक्का धरा आणि मधोमध पन्नासेक ग्रॅमचा नट चिकटवा. आता जमीन हलली की नट मागे राहील आणि चकती वाकेल. झाला तुमचा भूकंपमापक, ओबडधोबड का होईना.

आणि फरशीवर नको. फरशीखाली वाळू असते, पोकळी असते. आमच्या पार्टीत नवा पोरगा आला की पहिला आठवडा एवढंच शिकवायचो: जिओफोनचा खिळा पूर्ण आत गेला पाहिजे, सरळ गेला पाहिजे, भोवतीचं गवत उपटलेलं पाहिजे. सैल रोवलेला जिओफोन जमिनीचं सोडून वाऱ्याचं सांगत बसतो. कातळावर खिळा जात नाही, तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा करून त्यात बसवायचा.

रुळावरून

घणवालासाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदावर माझी शंभर टक्के सही. मी रेल्वेत रुळांच्या अल्ट्रासोनिक तपासणीवर होतो. आमचा प्रोब म्हणजे पण पीझेडटीच. तो रुळात आवाज सोडतो आणि परत आलेला तोच ऐकतो. पोलादात सरळ जाणारी लहर सेकंदाला ५९०० मीटरने धावते. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, म्हणजे माथ्यावरून तळापर्यंत जाऊन परत यायला ५८ मायक्रोसेकंद. पडद्यावर तळाचा उंचवटा तिथेच दिसायला हवा. त्याच्या अलीकडे काही उठलं तर रुळाच्या पोटात काहीतरी आहे. आडव्या वाढणाऱ्या भेगेसाठी सत्तर अंशात तिरका प्रोब असतो, कारण सरळ सोडलेल्या आवाजाला ती भेग धारेवर उभी भेटते आणि दिसतच नाही.

पण हे सगळं चालतं पाण्यावर. ट्रॉलीवर पाण्याची टाकी असते, प्रोबखाली सतत धार. उन्हाळ्यात मनमाडकडे टाकी संपली की काम बंद. प्रोब आणि रूळ यांच्यात केसाएवढी जरी हवा राहिली तरी आवाज आत जात नाही, तिथूनच मागे फिरतो. पडदा स्वच्छ दिसतो, आणि अडाणी माणसाला वाटतं रूळ चांगला आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका थंडीत असंच झालं. रुळाच्या माथ्यावर गंज होता, घासून न घेता मी पुढे गेलो. चारच दिवसांनी पहाटे गस्तवाल्या कीमनला त्याच तुकड्यात तडा दिसला. थंडीत रूळ आखडतात, तेव्हा जुनी भेग उघडी पडते. त्याने लाल झेंडी धरली, गाडी थांबली. त्या कीमनचा मी आजन्म ऋणी आहे. त्यानंतर तळाचा उंचवटा दिसल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकलं नाही.

आर्याची_आई

छान धागा. मी रेडिओलॉजी विभागात आहे, दुजोरा द्यायला आले. पोटावर लावतो त्या जेलबद्दल पेशंट रोज विचारतात, "मॅडम, हे गार गार कशाला?" कारण हेच. त्वचेपाशी हवेची फट राहिली तर हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग आवाज तिथूनच परत फिरतो. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद, त्यावर सगळं चित्र उभं राहतं. प्रोबच्या आतसुद्धा स्फटिक आणि त्वचा यांच्यामध्ये एक खास थर असतो, कारण कडक सिरॅमिकमधून मऊ शरीरात आवाज एकदम शिरत नाही, त्याला मधली पायरी लागते. प्रोब एकदा हातातून पडला तर बाहेरून काही दिसत नाही, पण पडद्यावर काळी उभी पट्टी येते. तेवढे स्फटिक मेलेले असतात.

या सगळ्याची सुरुवात पाणबुड्यांच्या शोधातून झाली, हे आम्हाला शिकवलं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुमारास, फ्रान्समध्ये लँजव्हॅन यांनी पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये क्वार्ट्झचे पातळ तुकडे बसवून पाण्यात आवाज सोडला होता. लँजव्हॅन हे पिएर क्युरींचेच विद्यार्थी.

निखिल_ठाणे

इतकी वीज तयार होते तर ठाणे-दादरच्या जिन्याखाली पायझो का बसवत नाहीत? रोज लाखो माणसं चढतात-उतरतात. वीज फुकट.

सोल्डरिंग_काका

निखिल, प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून हिशेबच मांडतो. साठ किलोचा माणूस म्हणजे ६०० न्यूटनचा जोर. फरशी त्याच्या वजनाने पाच मिलिमीटर दबली असं धरू, तर एका पावलामागे जास्तीत जास्त ३ ज्यूल. तेही एक कणसुद्धा वाया गेला नाही तर. चार हजार एमएएचच्या मोबाइलमध्ये ५५ हजार ज्यूल मावतात. म्हणजे एक फोन भरायला अठरा हजार पावलं. खऱ्या सिरॅमिकची फरशी मिलिमीटरचाही बारीक भाग दबते, तेव्हा मिळकत याच्या कितीतरी पट कमी. आणि ते ३ ज्यूलही फुकट नव्हेत, ते चालणाऱ्याच्या पायातूनच जातात. वाळूतून चालल्यावर पाय का भरून येतात ते आठवा. टोकियो स्टेशनवर तिकीट तपासणीच्या फाटकांपाशी असे प्रयोग करून झालेत. एखादा छोटा दिवा किंवा सेन्सर चालवायला ठीक, स्टेशनचे पंखे चालवायला नाही. पायझोचं खरं सोनं बारीकसारीक ओळखण्यात आहे.

त्यावरून आणखी एक सांगतो, कारण ते कुणी बोललेलं नाही. जुन्या टीव्हीत पाच पायांचा एक चपटा फिल्टर असायचा. दुकानात आम्ही त्याला 'सॉ फिल्टर' म्हणायचो, चित्र दाणेदार आलं की एकदा तो बदलून बघायचो. त्याचं पोट उघडून भिंगाखाली पाहिलं तर काचेसारख्या स्फटिकावर दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारख्या धातूच्या रेषा. एका कंगव्याला सिग्नल दिला की स्फटिकाच्या पृष्ठभागावर बारीक लाट उठते, पुढे सरकते आणि दुसऱ्या कंगव्यापाशी तिची पुन्हा वीज होते. दातांमधलं अंतर ज्या लाटेशी जुळतं तीच पार होते, बाकीच्या विरतात. ३८.९ मेगाहर्ट्झचा सिग्नल हवेतून गेला तर त्याची लाट पावणेआठ मीटर लांब. तोच स्फटिकावर लाट होऊन गेला तर सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरने जातो आणि लाट उरते केसाच्या जाडीएवढी. म्हणून खोलीभर लांबीचं काम नखाएवढ्या तुकड्यात मावतं. हे कंगवे १९६५ साली अमेरिकेत व्हाइट आणि व्होल्टमर यांनी मांडले. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असे कितीतरी फिल्टर आहेत.

आणि ही लाट कोणती? रेले लाट. १८८५ साली लॉर्ड रेले यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या या लाटेचं गणित मांडलं, तेव्हाच भूकंपात तिचा वाटा मोठा असावा असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. दूरच्या मोठ्या भूकंपात जमीन हेलकावे खाते ती हीच. जी लाट कोयनेच्या खडकावर चालते तीच मी पस्तीस वर्षं डागण घेऊन बदलत होतो. हे मला निवृत्तीनंतर कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

माळवद

मी औसा तालुक्यातला. सहसा लिहीत नाही, वाचतो. डोंगरवाटदादांच्या आजीचं वाचून लिहावंसं वाटलं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन चाललेलं. मी आठ वर्षांचा. आमचं घर माळवदाचं, दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर. दरसाल पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. तीच माती अंगावर आली. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत साडेनऊ हजारांवर माणसं गेली, त्यात माझी मोठी बहीण होती.

आदल्या वर्षी, १९९२ ला, किल्लारीत बारीक धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. म्हातारी माणसं सांगायची. तुमच्या या स्फटिकांनी, जिओफोनांनी आधी सांगता आलं असतं का? निदान अर्धा मिनिट?

विवर_तीन_किमी

माळवद, तुमच्या प्रश्नाला घाईने उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून दोन दिवस घेतले. मी भूकंपशास्त्र शिकतो.

आधी सांगणं, म्हणजे अमुक दिवशी होणार असं, आज जगात कुणालाच येत नाही. बारीक धक्क्यांच्या मालिका कित्येकदा येतात आणि नुसत्याच विरून जातात. होऊन गेल्यावर त्यातल्या एकीला पूर्वसूचना म्हणता येतं, आधी नाही.

अर्ध्या मिनिटाची गोष्ट वेगळी. भूकंपातून दोन लहरी निघतात. पी लहर खडकात सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास जाते, एस लहर साडेतीनच्या. नुकसान मुख्यतः एस आणि तिच्या मागून येणाऱ्या पृष्ठलहरी करतात. पहिल्या लहरीवरून यंत्राने ओळखायचं आणि विजेच्या वेगाने पुढच्या गावाला कळवायचं, यालाच पूर्वसूचना यंत्रणा म्हणतात. मेक्सिको शहराला ती १९९१ पासून आहे, कारण त्यांचे मोठे भूकंप दूरच्या किनाऱ्यावर होतात आणि शहरापर्यंत यायला मिनिटभर घेतात. जपानात २००७ पासून देशभर आहे. उत्तराखंडातही हिमालयातल्या भूकंपासाठी सुरू झाली. पण किल्लारीचा भूकंप गावाच्या पायाखालीच झाला. तिथे पी आणि एस यांच्यात एक-दोन सेकंदांचंच अंतर. यंत्राला ओळखायलाच तीन-चार सेकंद लागतात. तिथे जगातलं कुठलंही यंत्र तुमच्या बहिणीला वेळ देऊ शकलं नसतं. वाचवू शकली असती ती हलकी छपरं आणि कोपऱ्यांत, लिंटेलच्या म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर बांधून घेतलेल्या भिंती.

कोयनेचंही तसंच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठायला लागल्यापासून तिथे धक्के चालू आहेत, पाचच्या वरचे वीसहून अधिक झालेत. सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात आणि बहुतेक दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर. जगात धरणाशी निगडित भूकंप इतक्या मर्यादित जागेत इतकी वर्षं टिकलेली ही जागा एकमेव म्हणावी अशी. म्हणूनच तिथे गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर खोदलं आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी केली. त्याआधी दीड किलोमीटरची विवरंही घेतली होती, त्यातल्या काहींत भूकंपमापक उतरवलेत. एवढ्या खोल कशाला? वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक बारीक लहरी शोषून घेतो आणि वारा, वाहनं, मोटारपंप यांचा गोंगाट वरच्या थरातच भरलेला असतो. खाली बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, तिथे शांतता आहे. या धाग्यावर जेल, पाणी, प्लास्टर यांबद्दल जे चाललंय त्याचंच हे मोठं रूप.

चांद्रयान-३ बरोबर गेलेल्या 'इल्सा' या चंद्रावरच्या भूकंपमापकातही हाच पेच होता. ते उपकरण थेट चंद्राच्या मातीला टेकवलं होतं. त्यात सिलिकॉनचे सहा अतिसूक्ष्म त्वरणमापक होते, पायझो नव्हे, आणि त्यांनी रोव्हर चालल्याचा थरकापही टिपला.

माळवद

उत्तर पटलं. तीस वर्षं मनात होतं की कुणीतरी सांगायला हवं होतं. आता आमच्या घराला लिंटेलचा पट्टा आहे. भावाच्या नव्या घरालाही घालायला लावतो.

बांधावरची

मला शेतीतलं विचारायचंय. घणवाला काका, जमिनीवर घण मारून बोअरला पाणी कुठे लागेल ते कळतं का? आमच्याकडे पाणाड्या नारळ घेऊन फिरतो. मागच्या तीन बोअर कोरड्या गेल्या.

घणवाला

ताई, पाणी थेट दिसत नाही, कातळ दिसतो. जमिनीवर पोलादी पत्रा ठेवून आठ किलोचा घण मारतात, एका ओळीत बारा किंवा चोवीस जिओफोन लावलेले असतात. मातीतून लहर सेकंदाला चार-पाचशे मीटरने जाते, मुरमातून हजार-दोन हजारने, घट्ट काळ्या पाषाणातून साडेचार-पाच हजारने. लांबच्या जिओफोनला खालून कातळातून वळसा घालून आलेली लहर आधी पोचते, जसा गावातल्या रस्त्यापेक्षा हायवेचा फेरा लवकर पोचवतो. त्यावरून कातळ किती खाली आहे ते निघतं. विहिरीसाठी, पाझर तलावाच्या पायासाठी हे उत्तम.

पण आपल्या दख्खनच्या खडकात एक मेख आहे. इथे थरावर थर आहेत. वर घट्ट पाषाण आणि त्याच्याखाली सच्छिद्र खडक किंवा तांबडी गेरूसारखी माती, असं पुन्हा पुन्हा. पाणी बऱ्याचदा त्या खालच्या पोकळ थरात. आणि वेगवान थराखाली मंद थर असला तर या पद्धतीला तो दिसतच नाही, लहर तिथून वर वळत नाही. म्हणून बोअरसाठी विद्युतरोध मोजण्याची पद्धत जास्त वापरतात. तालुक्याला भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा आणि शेजारच्या विहिरींत पाणी किती हातांवर लागलं त्याची यादी करून न्या. त्या यादीची किंमत यंत्राएवढीच.

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. परड्यात सव्वा हात खणल्यावर कातळ लागला. तारेच्या ब्रशने घासला, धुतला, त्यावर प्लास्टरचा गोळा, त्यात पीव्हीसीच्या तुकड्यावर चकतीचा काठ पक्का आणि मधोमध नट. वरून स्टीलचा डबा उपडा घातला, वाऱ्यासाठी. काकांचा ऑप-अँप आणि १० मेगाओहम आत. लेकीने सोल्डरिंग केलं, माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर आहे.

पहिले अकरा दिवस गाई, पाऊस आणि खालच्या मळ्यातली मोटार. मोटार किती वाजता चालू झाली ते आता मी घरात बसून सांगू शकतो.

परवा रात्री पावणेतीनला तो ओळखीचा आवाज झाला. मी उठेपर्यंत भांडी वाजून थांबलीसुद्धा. लॅपटॉप उघडला तर सरळ रेघेवर आधी बारीक दातेरी थरथर, २.९ सेकंदांनी एकदम तिप्पट उंच झोके, आणि मग पंधराएक सेकंद विरत गेलेली शेपटी. पी आणि एसमधल्या सेकंदांना आठाने गुणायचं असं वाचलं होतं. २.९ गुणिले ८ म्हणजे तेवीस किलोमीटर. नकाशावर घरापासून कंपास फिरवला, वर्तुळ कोयनेच्या खोऱ्यातून जातं. लेक म्हणाली, "म्हणजे पणजीला आधी जो आवाज यायचा तो पी होता आणि भांडी वाजवायचा तो एस." तिला मी हे सांगितलं नव्हतं.

विवर_तीन_किमी, एक शंका आहे. एस नक्की कुठे सुरू झाली ते मला ठामपणे ठरवता येत नाही, एक जागा २.९ वर वाटते, दुसरी ३.२ वर. आडव्या हालचालीसाठी दुसरी चकती उभी बसवली तर ती जास्त स्वच्छ दिसेल का? आणि एका घरावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. पाटण, कराड, चिपळूण किंवा शिराळ्याकडचं कुणी परड्यात असा डबा पुरायला तयार असेल तर मला व्यनि करा. चकत्या माझ्याकडे सात शिल्लक आहेत, पाठवून देतो.